प्रवाळखडकातला अँफिपोड आणि नवी जात: पहिल्यांदा वर्णन लिहिणाऱ्यांसाठी

प्रवाळखडकांवर काम करणारे एम.एस्सी. आणि पीएच.डी.चे विद्यार्थी बहुतेक एकच प्रश्न घेऊन येतात. लक्षद्वीपहून किंवा मालवणहून आणलेल्या नमुन्यांत एक बारीक अँफिपोड मिळालाय आणि तो कुठल्याच आयडेंटिफिकेशन कीमध्ये (लक्षणं एकेक तपासत जात ओळखायच्या तक्त्यात) नीट बसत नाही. ही नवी जात म्हणायची का? म्हणायची तर पुढे करायचं काय? मी या सगळ्यातून गेले आहे. कुठली गोष्ट आधी आणि कुठली नंतर हे सांगणारं कुणी असतं, तर बरीच धावपळ वाचली असती. म्हणून हा लेख.

अँफिपोड म्हणजे काय ते आधी थोडक्यात. जवळा, कोळंबी, कुर्ली आपल्याला माहीत असतात. अँफिपोड त्याच कवचधारी वर्गातले, पण डोकं आणि छाती झाकणारं एकसंध कवच यांना नसतं, डोळे देठावर नसतात आणि बहुतेकांचं अंग दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं चपटं असतं. प्रवाळखडकातले बरेचसे २ ते १० मिलिमीटरचे. जगात त्यांच्या दहा हजारांच्या आसपास जाती नोंदलेल्या आहेत. मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पोटाखालच्या पिशवीत वाढवते. पाण्यात तरंगत दूरवर जाणारी अळी-अवस्था या गटात नसल्यामुळे एखाद्या बेटापुरती मर्यादित जात असणं सहज शक्य आहे. नव्या जाती अजून मिळतात त्याचं हे एक मोठं कारण.

उदाहरणासाठी मी ल्युकोथोई हा जिनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट, धरते. हे अँफिपोड स्पंजांच्या पोकळ्यांत आणि ॲसिडियन म्हणजे समुद्रफवाऱ्यांच्या कल्ल्याच्या पिशवीत राहतात. पायऱ्या इतर अँफिपोडांनाच काय, आयसोपोड आणि टॅनेड या कवचधारींच्या दुसऱ्या गटांनाही जवळपास अशाच लागू पडतात.

आधी जमवून ठेवा

कागदपत्रं:
- संस्थेचं पत्र आणि प्रकल्पाचा एक पानी सारांश
- वनखात्याची नमुने गोळा करण्याची परवानगी (अभयारण्य असेल तर प्रवेशाचीही)
- लक्षद्वीपला जायचं असेल तर बेटांवरचा प्रवेश परवाना आणि प्रशासनाची संशोधन परवानगी, दोन्ही वेगवेगळे
- नमुने ज्या संग्रहात ठेवणार त्या संस्थेचं संमतीपत्र
- नमुने देशाबाहेर जाणार असतील तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी

साहित्य:
- ९५ टक्के आणि ७० टक्के इथेनॉल, काचेच्या छोट्या कुप्या, झिपलॉक पिशव्या
- लवंगतेल, ५०० आणि ३०० मायक्रॉनच्या चाळण्या, पांढरे ट्रे
- स्टिरिओ मायक्रोस्कोप आणि ड्रॉइंग ट्यूब बसवलेला कंपाउंड मायक्रोस्कोप
- ५ नंबरचे बारीक चिमटे, काडीला बसवलेल्या कीटकसंग्रहाच्या अतिबारीक पिना
- ग्लिसरीन, खळग्याच्या स्लाइड, युपॅरल, क्लोराझोल ब्लॅक किंवा लिग्निन पिंक रंग

इथेनॉलबद्दल एक सांगते. ॲब्सोल्यूट अल्कोहोल संस्थेला उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्यावर मिळतं आणि त्या कागदाला वेळ लागतो. बोटीची तारीख ठरली की मग मागणी करू, असं करू नका.

१. परवानगी हातात आल्याशिवाय पाण्यात उतरू नका

अँफिपोड वन्यजीव कायद्याच्या यादीत नाहीत, मग परवानगी कशाला, असं अनेकांना वाटतं. पण ते राहतात ते प्रवाळ यादीत आहेत. खडक बांधणारे सगळे प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या परिशिष्ट १ मध्ये येतात. म्हणजे तुटून पडलेला, मेलेला, शेवाळ चढलेला तुकडाही परवानगीशिवाय उचलून नेणं गुन्हा ठरू शकतो. अर्जात "अँफिपोडांचे नमुने" एवढंच लिहू नका. "सुटे मृत तुकडे जागेवर धुऊन परत ठेवणार" असं पद्धतीसकट लिहा. परिशिष्ट १ मधल्या प्राण्याचा नमुनाच घ्यायचा असेल तर केंद्राची पूर्वसंमती लागते आणि ते प्रकरण वेगळंच लांबतं. स्पंज घेणार असाल तर तो यादीत आहे का, तेही सध्याचं परिशिष्ट उघडून तपासा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर परिशिष्टांची मांडणी बदलली आहे, त्यामुळे जुन्या प्रबंधातला परिच्छेद जसाच्या तसा अर्जात उतरवू नका.

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचे प्रवाळ पाहायला रोज पर्यटक उतरतात म्हणून तिथे नमुने घ्यायला हरकत नसेल, असा समज करून घेऊ नका. पोहायला मोकळीक असली म्हणून नमुने घ्यायला परवानगी आहे असं होत नाही. अर्ज मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. स्थानिक वनाधिकाऱ्यांना आधी भेटून घेतलंत तर त्यात काय कमी आहे ते ते सांगतात.

हे कागद पुढेही लागतात. चांगली नियतकालिकं परवानगीचा क्रमांक मागतात आणि तो नसला तर लेख परत येतो.

२. नमुने: एक यजमान, एक पिशवी

ल्युकोथोई गोळा करताना सगळ्यात महागात पडणारी गोष्ट म्हणजे दोन-तीन स्पंज एकाच पिशवीत भरणं. बोटीवर येईपर्यंत अँफिपोड बाहेर पडून एकमेकांत मिसळतात. कोण कुणात राहत होता ते मग कायमचं गेलं. प्रत्येक स्पंज, प्रत्येक समुद्रफवारा पाण्याखालीच वेगळ्या झिपलॉकमध्ये घाला. पिशवीत क्रमांकाचा कागद टाका आणि यजमानाचा, म्हणजे अँफिपोड ज्यात राहतो त्या स्पंजाचा किंवा समुद्रफवाऱ्याचा, फोटो जागेवर काढा.

सुट्या तुकड्यांसाठी पद्धत सोपी आहे. तुकडा पाण्याखालीच हळूच पिशवीत सरकवा. वर आल्यावर समुद्राच्या पाण्याच्या बादलीत ठेवून लवंगतेलाचे काही थेंब टाका. प्राणी गुंगून सुटे होतात. पाणी चाळणीतून गाळा आणि तुकडा स्वच्छ पाण्यात विसळून जिथून घेतला तिथेच परत ठेवा. बोटीवाल्या काकांना आधी सांगून ठेवलंत तर ते बोट त्याच खुणेवर परत आणतात. मालवणच्या मच्छीमारांना तळाची खडक-वाळू जितकी पाठ आहे तितकी कुठल्याच नकाशात नाही, त्यांना विचारून जागा निवडा.

जिवंतपणीचा रंग टिपायला विसरू नका. पांढऱ्या ट्रेमध्ये मोजपट्टी ठेवून फोटो काढा. इथेनॉलमध्ये हा रंग बहुधा एक-दोन दिवसांत उडतो. गुलाबी पट्टे, नारिंगी डोळे, अंड्यांचा हिरवट रंग या गोष्टी सख्ख्या जाती वेगळ्या करायला उपयोगी पडतात आणि जुन्या वर्णनांत त्या सहसा नसतात.

फॉर्मलिन वापरू नका. त्यात अंग छान ताठ राहतं हे खरं, पण डीएनए खराब होतो. निम्मे नमुने ९५ टक्क्यांत आणि निम्मे ७० टक्क्यांत ठेवा. ९५ मध्ये सांधे ठिसूळ होतात, डिसेक्शनला ७० टक्क्यांतलेच बरे. ९५ टक्क्यांतलं अल्कोहोल एका दिवसात एकदा बदला, कारण स्पंजातलं पाणी त्याला पातळ करतं.

३. लेबल

कुपीच्या आत, पेन्सिलने, जाड कापसाळ कागदावर. बाहेर चिकटवलेली चिठ्ठी गळून पडते आणि लेझर प्रिंटरची शाई काही वर्षांत अल्कोहोलमध्ये पापुद्र्यासारखी सुटते. बेट किंवा गाव, अक्षांश-रेखांश, खोली, तारीख, यजमान, कोणी गोळा केलं, एवढं हवंच. "लक्षद्वीप, प्रवाळ" असं लेबल असलेला नमुना होलोटाइप (ज्या एका नमुन्यावर जातीचं नाव कायमचं आधारलेलं असतं तो) म्हणून निरुपयोगी आहे.

४. नर, मादी, पिल्लू वेगळं करा

की वापरायला बसण्याआधी हे काम करा. किती तरी "नव्या जाती" इथेच विरून जातात.

प्राण्याला कुशीवर ठेवा आणि पोटाकडून पाहा. मादीच्या पायांच्या मुळाशी पातळ पानासारख्या पट्ट्या दिसतील, त्यांचीच पिशवी होते. पट्ट्यांच्या कडांना लांब केस असले तर मादी प्रौढ, नसले तर अजून वाढतेय. नराच्या सातव्या छातीवलयाच्या खालच्या बाजूला दोन छोटे उंचवटे असतात. दोन्ही नसेल तर ते पिल्लू.

हे एवढं महत्त्वाचं का? पकड करणारे जे दोन पाय असतात, त्यांना नॅथोपोड म्हणतात, त्यांतला दुसरा नॅथोपोड नराच्या वयाप्रमाणे बदलत जातो. प्रवाळतुकड्यांत हमखास मिळणाऱ्या इलास्मोपस या जिनसमध्ये तरुण नराच्या पकडीची कड आणि पूर्ण वाढलेल्या नराची कड इतकी वेगळी दिसते की दोन जाती वाटाव्यात. इलास्मोपसच्या नुसत्या माद्या मिळाल्या असतील तर नवी जात वर्णायचा विचार तूर्त बाजूला ठेवा. नर मिळेपर्यंत थांबा.

ल्युकोथोईमध्ये एक सोय आहे. एकाच स्पंजात मोठा नर, अंडी घेतलेली मादी आणि वेगवेगळ्या वयाची पिल्लं असा सगळा कबिला बरेचदा एकत्र सापडतो. वयानुसार काय बदलतं आणि काय तसंच राहतं, हे त्या एका यजमानातून दिसतं. म्हणून तर वेगळ्या पिशवीचा एवढा आग्रह.

५. जुन्या जाती: निम्मं काम इथे आहे

तुमचा प्राणी नवा आहे हे तुमचा प्राणी पाहून सिद्ध होत नाही. त्या जिनसमध्ये आजवर जे जे वर्णन झालंय त्यांतला तो कुणीच नाही, हे दाखवावं लागतं. या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

सुरुवात वर्ल्ड रजिस्टर ऑफ मरीन स्पीशीज, म्हणजे वर्म्सच्या अँफिपोड विभागापासून करा. जिनसमधल्या सगळ्या मान्य नावांची यादी उतरवा. समानार्थी ठरवून बाद केलेली नावंही घ्या, कारण तुमची "नवी" जात एखाद्या बाद केलेल्या नावाचीच असू शकते. तसं असेल तर ते जुनं नाव पुन्हा उभं करायचं असतं, नवं द्यायचं नसतं. मग एक तक्ता करा: आडव्या ओळीत जाती, उभ्या रकान्यांत लक्षणं, आणि शेवटच्या रकान्यात मूळ वर्णनाचं वर्ष आणि ठिकाण.

आपल्या समुद्रासाठी काही जुनी कामं चुकवून चालत नाहीत. हर्डमन यांनी १९०२ मध्ये सिलोनच्या मोत्यांच्या शिंपल्यांच्या पाहणीत जमवलेले अँफिपोड आल्फ्रेड वॉकर यांनी १९०४ मध्ये वर्णिले. स्टॅन्ली गार्डिनर यांच्या १८९९-१९०० च्या मालदीव-लक्षद्वीप मोहिमेतले अँफिपोडही वॉकर यांच्याकडेच गेले आणि ते वर्णन १९०५ मध्ये आलं. म्हणजे लक्षद्वीपचा नमुना हातात असेल तर तिथल्या अँफिपोडांना नावं देण्याची सुरुवात शंभरहून जास्त वर्षांपूर्वी झालेली आहे, हे लक्षात ठेवूनच पुढे जायचं. १९६० च्या दशकात शिवप्रकाशम यांनी भारताच्या पूर्व किनाऱ्यावरच्या अँफिपोडांवर काम केलं, तेही पाहा. शेजारच्या समुद्रांसाठी २००९ साली आलेला ग्रेट बॅरियर रीफच्या अँफिपोडांवरचा जाडजूड ग्रंथ उपयोगी आहे, त्यात चित्रं आणि की दोन्ही चांगल्या आहेत. शतकापूर्वीची बहुतेक पानं बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर फुकट मिळतात.

अडचण अशी की त्या काळची वर्णनं चार-सहा ओळींची आणि एखाद-दुसऱ्या पायाच्या चित्राची. तेव्हा तेवढ्या लक्षणांवर जाती वेगळ्या करता येत होत्या. आज त्या वर्णनात पाच वेगवेगळे प्राणी बसतात. अशा वेळी कागदावरून निकाल लागत नाही, मूळ नमुना पाहावा लागतो. तो कुठल्या संग्रहालयात आहे ते शोधा आणि तिथल्या क्युरेटरना नेमकं पत्र लिहा. "सगळी माहिती पाठवा" असं लिहू नका. "दुसऱ्या नॅथोपोडची आतली बाजू आणि टेल्सनचं (अंगाच्या शेवटच्या पट्टीचं) टोक यांचे फोटो मिळतील का" असं विचारलंत तर उत्तर येण्याची शक्यता कितीतरी वाढते. मला अनोळखी क्युरेटरांनी खूप मदत केली आहे, या क्षेत्रात लोक मनापासून उत्तर देतात.

दुसरा सापळा "जगभर पसरलेल्या" जातींचा. ल्युकोथोई स्पिनिकार्पा ही जात आबिल्डगार्ड यांनी १७८९ मध्ये वर्णिली. पुढे दोन शतकं हे नाव हिंदी महासागरापासून कॅरिबियनपर्यंत जिथे तिथे लावलं गेलं. २००६ मध्ये उत्तर अटलांटिकच्या नमुन्यांवरून या जातीचं नव्याने सविस्तर वर्णन झालं आणि उष्ण कटिबंधातल्या बऱ्याच नोंदी तिच्या नसाव्यात हे उघड झालं. याचा तुमच्यासाठी अर्थ काय? भारतातल्या जुन्या यादीत स्पिनिकार्पा लिहिलंय म्हणून तुमचा नमुना तोच, असं धरू नका. आणि तो स्पिनिकार्पा नाही एवढ्यावरून तो नवा, असंही धरू नका. मधल्या काळात त्या नावाखाली दडलेल्या कितीतरी जातींना स्वतंत्र नावं मिळाली आहेत. त्या सगळ्यांशी ताडून पाहिल्याशिवाय तुमचा दावा उभा राहत नाही.

तक्ता भरून झाला की तुमच्या नमुन्याला सगळ्यात जवळच्या तीन-चार जाती उरतील. त्यांच्यापासून वेगळेपणा दाखवणारी किमान दोन-तीन लक्षणं हवीत. ती नर-मादीवर किंवा वयावर अवलंबून नसावीत आणि एकाहून जास्त नमुन्यांत दिसायला हवीत. केसांच्या संख्येतला एक-दोनाचा फरक पुरत नाही.

६. डीएनए

शक्य असेल तर करा. अँफिपोडांमध्ये सहसा सीओआय या, जाती ओळखायला वापरल्या जाणाऱ्या जनुकाचा ६५८ बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा वाचतात. फोल्मर आणि सहकाऱ्यांचे १९९४ चे प्रायमर (तो तुकडा पकडणारे डीएनएचे छोटे धागे) चालतात, पण काही कुळांत चालत नाहीत, मग बदललेले प्रायमर लागतात. होलोटाइपचा चुरा करू नका. उजव्या बाजूचा एखादा पाय पुरतो, किंवा त्याच यजमानातला पॅराटाइप (वर्णनासाठी वापरलेला, होलोटाइपशिवायचा नमुना) वापरा. आलेला क्रम प्रथिनात रूपांतरित करून मध्येच स्टॉप कोडॉन (प्रथिन तिथे संपवणारी खूण) येतोय का ते पाहा. येत असेल तर तो खरा जनुक नसण्याची शक्यता आहे. अमुक टक्के फरक म्हणजे नवी जात, अशी सर्वमान्य रेषा नाही. आणि जुन्या जातींचे क्रम डेटाबेसमध्ये बरेचदा नसतातच, म्हणून "जेनबँकमध्ये जुळणी नाही" याला पुरावा समजू नका.

७. डिसेक्शन

इथे हात बसायला वेळ लागतो. त्याच जातीच्या साध्या, जास्तीच्या नमुन्यांवर आधी सराव करा. सापडलेला एकुलता एक नर पहिल्याच दिवशी उघडू नका.

सुरुवातीला अख्ख्या प्राण्याचं चित्र आणि फोटो घ्या, लांबी मोजा. मग नमुना ग्लिसरीनच्या थेंबात खळग्याच्या स्लाइडवर ठेवा, डोकं डावीकडे. रिवाज असा की डाव्या बाजूचे पाय काढायचे आणि उजवी बाजू अंगावर शाबूत ठेवायची. म्हणजे काही हरवलं तर जोडीतला दुसरा असतो.

मागून पुढे या. आधी टेल्सन आणि युरोपोडच्या (शेपटीकडच्या पायांच्या) तीन जोड्या, मग सातव्यापासून तिसऱ्यापर्यंतचे पेरिओपोड (छातीचे पाय), मग दोन नॅथोपोड, शेवटी तोंडाचे अवयव. पाय ओढायचा नाही. एका पिनेने अंग दाबून धरायचं आणि दुसरीने कॉक्सा, म्हणजे पायाच्या मुळाशी असलेली ढालीसारखी पट्टी, आणि अंग यांच्या मधला पापुद्रा कापत जायचं. पाय कॉक्सासकट आला पाहिजे. कॉक्साचा आकार हे स्वतःच एक लक्षण आहे.

ल्युकोथोईचा पहिला नॅथोपोड नीट बघण्यासारखा आहे. बहुतेक अँफिपोडांमध्ये शेवटचा नखासारखा भाग त्याच्या आधीच्या रुंद भागावर मिटतो. इथे त्याही आधीच्या भागातून एक लांब, सडपातळ बोट निघतं आणि पुढचा भाग त्या बोटावर मिटतो. त्या बोटाची लांबी-रुंदी, आतल्या कडेचे दात, टोकाची वळण, हे सगळं जात ठरवताना कामी येतं. पाय स्लाइडवर थोडा जरी आडवा-तिडवा पडला तरी बोटाची रुंदी वेगळी दिसते. कव्हरस्लिप ठेवताना चारी कोपऱ्यांखाली मेणाचे बारीक कण ठेवा, म्हणजे पाय चिरडत नाही आणि हलकेच सरकवून सपाट करता येतो.

तोंडाचे अवयव सगळ्यात कठीण. डोकं वेगळं करा, उताणं ठेवा. वरून मॅक्सिलिपेड, मग दुसरा मॅक्सिला, पहिला मॅक्सिला, खालचा ओठ आणि शेवटी दोन्ही मँडिबल (जबडे). मँडिबल दोन्ही बाजूंचे काढा, कारण डावा आणि उजवा सारखे नसतात. रंगाचा एक थेंब दिलात तर पारदर्शक कडा उठून दिसतात.

कायमच्या स्लाइडसाठी मी युपॅरल वापरते. ग्लिसरीन सोपं, पण ते तात्पुरतं. होलोटाइपचे भाग त्यात सोडून देऊ नका. प्रत्येक स्लाइडवर नमुन्याचा क्रमांक आणि अवयवाचं नाव त्याच क्षणी लिहा.

८. चित्रं

फोटो कितीही चांगला असला तरी रेखाचित्राची जागा घेत नाही. फोटोत एकच पातळी स्पष्ट येते. चित्रात तुम्ही फोकस वरखाली करत सगळ्या पातळ्या एकत्र आणता. ड्रॉइंग ट्यूबमधून पेन्सिलने काढा, मग स्कॅन करून इंकस्केपसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रेषा ओढा. ग्राफिक टॅबलेट असेल तर काम निम्म्यावर येतं.

चित्र सुबक दिसावं म्हणून काहीही घालू नका. केस आठ असतील तर आठच. तुटलेला केस तुटकाच दाखवा, किंवा मुळाची खूण दाखवा. दिसत नसलेली रेषा अंदाजाने पुरी करायची असेल तर ती तुटक ठेवा. पुढच्या पन्नास वर्षांत कुणीतरी स्वतःचा नमुना तुमच्या चित्राशी ताडून पाहणार आहे, त्याला तुमचा अंदाज कुठला आणि निरीक्षण कुठलं ते कळलं पाहिजे. प्रत्येक अवयवाशेजारी स्केल बार द्या. "४० पट मोठं केलेलं" असं लिहू नका, छपाईत आकार बदलला की ते खोटं ठरतं.

९. होलोटाइप ठरवा आणि संग्रहात द्या

एकच नमुना होलोटाइप. शक्यतो पूर्ण वाढलेला नर, लक्षणं स्पष्ट असलेला. मादी ॲलोटाइप (होलोटाइपच्या विरुद्ध लिंगाचा निवडलेला नमुना) किंवा पॅराटाइप, बाकीचे पॅराटाइप. संहितेप्रमाणे (प्राण्यांच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता, चौथी आवृत्ती, १ जानेवारी २००० पासून लागू) लेखात होलोटाइप स्पष्ट नेमावा लागतो आणि तो कुठल्या संग्रहात आहे किंवा ठेवला जाणार आहे हे लिहावं लागतं. हे वाक्य राहिलं तर नाव उपलब्धच होत नाही, मग वर्णन कितीही सुंदर असो.

आपल्याकडे दुसरीही बाजू आहे. जैविक विविधता अधिनियम २००२ च्या कलम ३९ नुसार नव्या जातीची माहिती नेमलेल्या संग्रहाला कळवणं आणि तिथे नमुने जमा करणं बंधनकारक आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण आणि सागरी जीवांसाठी दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था अशा नेमलेल्या संस्थांत आहेत. विभागाच्या कपाटातली बाटली म्हणजे संग्रह नव्हे. मार्गदर्शक निवृत्त झाले की त्या बाटलीतलं अल्कोहोल उडून जातं आणि तिच्याकडे बघणारं कुणी राहत नाही.

नोंदणी क्रमांक मिळायला वेळ लागतो, लेख पाठवण्याच्या बराच आधी अर्ज करा.

१०. नाव

नाव रोमन लिपीत, लॅटिनच्या नियमांनी चालणारं. पुरुषाच्या सन्मानार्थ असेल तर शेवटी "आय" अक्षर, स्त्रीच्या असेल तर "एई". विशेषण असेल तर ते जिनसच्या लिंगाशी जुळवायचं. ल्युकोथोई स्त्रीलिंगी आहे, त्यामुळे "अल्बस" नाही, "अल्बा". ठिकाणावरून नाव द्यायचं असेल तर "एन्सिस" पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी दोन्हींना चालतं, नपुंसकलिंगी जिनसला "एन्से" लागतं. त्याच जिनसमध्ये ते नाव आधी कुणी वापरलेलं नाही ना, बाद नावांसकट तपासा. स्वतःचं नाव स्वतःच्या जातीला देत नाहीत.

कल्पकतेला जागा आहे. चिलिका सरोवरातल्या पऱ्हायेली ओडियन या अँफिपोडच्या नावात ओडिया भाषेचा मान राखला आहे. इंडोनेशियातल्या राजा अंपातच्या प्रवाळखडकांतून २०१५ मध्ये वर्णिलेली ल्युकोथोई एल्टोनाय ही समुद्रफवाऱ्याच्या कल्ल्याच्या पिशवीत राहणारी जात गायक एल्टन जॉन यांच्या नावाने आहे. तो लेख नवशिक्यांनी आणखी एका कारणासाठी पाहावा. ही जात जहाजांच्या वाहतुकीतून हवाईत पोचली असण्याची शक्यता त्यात मांडली आहे, म्हणजे जिथे सापडली तिथलीच ती मूळची असेल असं गृहीत धरलेलं नाही. मुंबई, मुरगाव, कोची अशा बंदरांजवळ काम करत असाल तर हा विचार तुम्हालाही करावा लागेल.

नाव ठरलं की गप्प राहा. पोस्टरवर, परिषदेच्या सारांशात, प्रबंधात ते छापू नका. वर्णनाशिवाय फिरणारं नाव संहितेच्या दृष्टीने पोकळ असतं आणि पुढे सगळ्यांना त्रास देतं. प्रबंधात "ल्युकोथोई, जात १" असं लिहा.

११. हस्तलिखित

क्रम ठरलेला असतो: कूळ, जिनस, नवं नाव आणि त्याला जोडून "स्पीशीज नोवा", तपासलेले नमुने, नावाची व्युत्पत्ती, निदान, सविस्तर वर्णन, फरक, यजमान आणि पर्यावरण, चर्चा. निदान म्हणजे वर्णनाचा सारांश नव्हे. या जातीला इतरांपासून वेगळं काढणारी लक्षणं तेवढीच त्यात येतात. परीक्षक सगळ्यात आधी तेच वाचतात. तक्त्यातल्या जवळच्या जातींशी तुलना चर्चेत एकेक करून करा आणि शेवटी त्या भागातल्या जातींची की जोडा. कीसाठी पुढचे वाचक तुमचे आभार मानतील.

परवानगीचा क्रमांक, बोटीवाले, वनरक्षक, नमुना दाखवणारे मच्छीमार यांची नावं आभारात येऊ द्या, त्यांना विचारून.

१२. नियतकालिक आणि झूबँक

२००१ पासून निघणारं झूटॅक्सा साध्या प्रकाशनाला पैसे घेत नाही. २००८ पासूनचं झूकीज मुक्तप्रवेश आहे, पण शुल्क आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं स्वतःचं नियतकालिकही आहे. "सात दिवसांत प्रकाशित करू" असं सांगणारा ईमेल आला तर उत्तर देऊ नका. तिथे नाव एकदा छापून आलं आणि वर्णन वाईट असलं, तरी त्या नावाचं ओझं सगळ्या गटाला कायम वाहावं लागतं.

फक्त इलेक्ट्रॉनिक स्वरूपात येणाऱ्या लेखांसाठी २०१२ पासून लागू झालेली दुरुस्ती लक्षात ठेवा. लेख प्रकाशित होण्याआधी झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, त्याची नोंदणी झालेली हवी, नोंदणीचा पुरावा लेखातच छापलेला हवा आणि लेखावर प्रकाशनाची तारीख हवी. मोठी नियतकालिकं हे स्वतः करतात, लहान नियतकालिकांत लेखकाला करावं लागतं. अंतिम प्रूफमध्ये तो क्रमांक आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

नमुने परीक्षकाकडे किंवा सहलेखकाकडे देशाबाहेर पाठवायचे असतील तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी आधी. विमानाने जाणाऱ्या कुप्यांत अल्कोहोल ३० मिलिलिटरपर्यंतच ठेवा आणि पाकिटावर विमान वाहतूक संघटनेच्या ए-१८० तरतुदीचा उल्लेख करा.

१३. छापून आल्यावर

वर्म्सच्या संपादकांना लेख पाठवा, म्हणजे नाव यादीत चढतं. जेनबँकमधले क्रम खुले करा आणि त्यांच्या नोंदीत "ल्युकोथोई, जात १" च्या जागी नवं नाव घाला, हे बहुतेक जण विसरतात. परवानगी देणाऱ्या वनखात्याला प्रत पाठवा. तिच्यासोबत अर्ध्या पानाचा मराठी सारांश जोडा: काय सापडलं, कुठल्या खडकावर, किती खोलीवर, कुणाच्या आत राहतं. अभयारण्याच्या व्यवस्थापन आराखड्यात ही नोंद जाते ती अशाच कागदांवरून.